कादाकेस

कादाकेस हे स्पेनच्या कातालोन्या या स्वायत्त प्रदेशातील, भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले एक लहान गाव आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते जिरोना प्रांतातील आल्त एम्पोर्दा या तालुकावजा विभागात मोडते. गावाची कायम वस्ती तीन हजारांच्या आत आहे. उन्हाळ्यात मात्र ती कित्येक पटींनी वाढते. इबेरियन द्वीपकल्पाचे पूर्वेकडील शेवटचे टोक असलेले काप दे क्रेउस हे भूशिर, शुभ्र घरांची जुनी वस्ती, गोट्यांच्या लहान लहान पुळणी आणि चित्रकार साल्वादोर दाली याचे पोर्तलिगात येथील घर ही येथील प्रमुख आकर्षणे होत. याच किनाऱ्यावर चारशेहून अधिक इमारतींचे एक विश्रामग्राम पूर्णपणे उतरवून जमीन निसर्गाला परत करण्यात आली. त्यामुळे किनारी पर्यटनाच्या अभ्यासकांनाही हे ठिकाण परिचित आहे.

नाव व बोली

या लेखातील स्थलनामे कातालान उच्चारांना जवळ जातील अशा रीतीने लिहिली आहेत. नकाशांवर व फलकांवर वाचकाला कधी स्पॅनिश, तर कधी कातालान रूप आढळेल.

कादाकेसच्या बोलीचा एक विशेष भाषाप्रेमी वाचकांना रुचावा असा आहे. प्रमाण कातालानमधील 'एल' आणि 'ला' ही निश्चित उपपदे लॅटिनमधील 'इल्ले', म्हणजे 'तो', या दर्शक सर्वनामापासून आली आहेत. कादाकेसमध्ये मात्र परंपरेने 'एस' आणि 'सा' अशी उपपदे वापरली जात. त्यांचे मूळ 'इप्से', म्हणजे 'स्वतः', या वेगळ्या लॅटिन शब्दात आहे. मायोर्का, मिनोर्का आदी बालेआरिक बेटांवर ही उपपदे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. मुख्य भूमीवर ती जवळजवळ लोपली आणि कादाकेससारख्या एखाददुसऱ्या कोपऱ्यात तगून राहिली. एस पोआल, एस ल्याने, सा कोंका, एस सोर्तेल ही पुळणींची व जागांची नावे त्याचीच साक्ष देतात. डोंगराने जगापासून तोडलेल्या आणि समुद्राने बेटांशी जोडलेल्या गावाचा इतिहास असा दोन अक्षरांच्या उपपदात साठून राहिला आहे. 'काला' हा शब्दही या लेखात वारंवार येईल. त्याचा अर्थ खडकांमध्ये शिरलेले समुद्राचे चिमुकले आखात असा आहे.

स्थान व भूरचना

कादाकेस सुमारे ४२° १७′ उत्तर अक्षांश व ३° १७′ पूर्व रेखांश येथे आहे. बार्सेलोनापासून ते सुमारे १७० किलोमीटर, तर फिगेरेस या जवळच्या शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर आहे. पिरेनीज पर्वतरांग पूर्वेकडे उतरत उतरत जेथे समुद्रात बुडते, तेथेच हे गाव आहे. पाठीशी पेनी हा सहाशे मीटरांहून थोडा अधिक उंचीचा डोंगर उभा आहे. त्याच्या माथ्यावरील लष्करी रडारचा पांढरा गोल दुरूनही दिसतो.

हा डोंगर गावाच्या नशिबाचा खरा शिल्पकार म्हणावा लागेल. जमिनीवरून गावात येण्यासाठी त्याची खिंड ओलांडावी लागते आणि आजही नागमोडी वळणांचा एकच अरुंद रस्ता तेथून उतरतो. रस्ते होण्यापूर्वी कादाकेसच्या माणसाला फिगेरेसपेक्षा मार्सेय किंवा जेनोवा ही बंदरे अधिक जवळची वाटत असतील, तर नवल नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर बहुमजली हॉटेलांच्या भिंती उभ्या राहिल्या. त्या लाटेतून हे गाव मोठ्या प्रमाणात वाचले, ते या गैरसोयीमुळे. दुसरे कारण पुळणींचे. मैलोन्‌मैल पसरलेली सोनेरी वाळू येथे नाही आणि तशी वाळू हवी असणारे प्रवासी खालच्या रोझेसच्या आखातातच थांबतात.

ट्रामुंताना

उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या, थंड व जोरदार वाऱ्याला येथे ट्रामुंताना म्हणतात. अटलांटिकच्या बाजूला हवेचा अधिक दाब आणि जेनोवाच्या आखातावर कमी दाब अशी स्थिती झाली, की हवा पिरेनीजच्या पूर्व टोकाला वळसा घालून दक्षिणेकडे झेपावते. झोतांचा वेग ताशी १०० किलोमीटरांच्या वर जाऊ शकतो. एकदा सुरू झालेला वारा कित्येक दिवस थांबत नाही. आकाश मात्र स्वच्छ निळे असते आणि दूरचे डोंगर हाताशी आल्यासारखे स्पष्ट दिसतात. हा वारा माणसाला वेड लावतो अशी जुनी समजूत आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केस याच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहात 'ट्रामोंताना' नावाची एक कथा आहे. ती कादाकेसमध्येच घडते आणि या समजुतीवरच उभी आहे.

पोहणाऱ्यांनी या वाऱ्याचा एक धोका ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. गावाचा उपसागर आग्नेयेकडे उघडा असल्याने उत्तरेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळचे पाणी अशा वेळी शांत, जवळजवळ तळ्यासारखे दिसते आणि नवख्याला ते निर्धोक वाटते. हवा भरलेली गादी, लहान होडी किंवा उभ्याने वल्हवायची फळी घेऊन आत गेलेला माणूस मात्र पाहता पाहता खुल्या समुद्रात ढकलला जातो आणि त्याला उलट दिशेने परतता येत नाही. पूर्वेच्या वाऱ्याचे उलटे असते. तो लाटा थेट गावात आणतो, पण त्याचे रौद्र रूप डोळ्यांना दिसत असल्याने फसगत होत नाही. जानेवारी २०२० मधील 'ग्लोरिया' हे वादळ याच दिशेचे होते आणि त्याने कातालोन्याच्या सबंध किनाऱ्याला तडाखा दिला.

द्राक्षे, ऑलिव्ह आणि क्यूबा

आज ओसाड दिसणाऱ्या आसपासच्या टेकड्या नीट पाहिल्या, तर त्यांवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत आडव्या रेघा दिसतात. या रेघा म्हणजे दगडी बांध होत. चुना किंवा माती न वापरता, केवळ दगडावर दगड बसवून ते रचलेले आहेत. कोकणातला गडगा पाहिलेल्या वाचकाला ही रचना चटकन उमजेल. उतारावर असे बांध घालून पायऱ्या पाडल्या जात आणि त्यांवर द्राक्षवेली लावल्या जात. एकोणिसाव्या शतकात कादाकेस मासेमारीइतकेच वाइनवर जगत होते.

मग फायलोक्सेरा आला. अमेरिकेतून युरोपात शिरलेला हा माव्यासारखा सूक्ष्म कीटक द्राक्षवेलीच्या मुळांतील रस शोषतो आणि वेल वाळून जाते. फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त करून १८७९ साली तो सीमा ओलांडून एम्पोर्दात पोहोचला. काही वर्षांत टेकड्या उजाड झाल्या. अनेक कुटुंबांनी क्यूबाची वाट धरली. त्यांतील काही जण संपत्ती मिळवून परतले आणि त्यांनी गावात ऐटदार घरे बांधली. पोर्तदोगे पुळणीसमोरचे कासा सेरिन्याना हे निळ्या नक्षीदार फरशांचे उंच घर त्यांपैकी सर्वांत नजरेत भरणारे आहे. लोक त्याला नुसते 'निळे घर' म्हणतात. सगळ्या पांढऱ्या वस्तीत ते थोडे परके वाटते, पण गावाच्या इतिहासातील सर्वांत मोठा दुखवटा त्याच्या दाराशी येऊन थांबतो, हे पर्यटकांच्या सहसा लक्षात येत नाही.

वेलींच्या जागी ऑलिव्ह लावले गेले. फेब्रुवारी १९५६ मध्ये पडलेल्या असाधारण हिमतुषाराने त्यांतीलही पुष्कळ झाडे मेली. त्यानंतर बांधांवरची शेती फारशी उभी राहिली नाही आणि गाव हळूहळू पर्यटनाकडे वळले. रिकाम्या पायऱ्यांवर झुडपे माजली. कोरड्या उन्हाळ्यात ती वणव्याला आमंत्रण देतात. जुलै २०२१ मध्ये भूशिराच्या उत्तर भागात लागलेल्या वणव्यात चारशेहून अधिक हेक्टर क्षेत्र जळाले. वेलींचे मळे ही पूर्वी जाळपट्टी असे. आता तेथे काही उत्पादक पुन्हा द्राक्षे व ऑलिव्ह लावू लागले आहेत आणि त्याकडे आगीपासून संरक्षणाचा उपाय म्हणूनही पाहिले जाते. गडग्यासारखे असे बांध रचण्याच्या कलेचा युनेस्कोने २०१८ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. स्पेनसह आठ देशांनी मिळून ते नामांकन केले होते.

जुने गाव व सान्ता मारिया चर्च

जुनी वस्ती एका टेकाडावर दाटीने वसली आहे. तिला पूर्वी तट होता. त्याचे अवशेष नगरपालिकेच्या इमारतीत अजून दिसतात. तटाचे कारण समुद्री हल्ले. १५४३ साली ऑटोमन नौसेनानी बार्बारोसा याच्या ताफ्यातील जहाजांनी या किनाऱ्यावर धाड घातली. तीत कादाकेस लुटले गेले व त्याचे चर्चही जळाले. आजचे सान्ता मारिया चर्च त्यानंतर उभारलेले आहे. बाहेरून ते इतके साधे, की चुन्याने पांढऱ्या केलेल्या एखाद्या मोठ्या कोठाराची आठवण व्हावी. आत गेल्यावर वेदीमागील सोन्याचा मुलामा दिलेला प्रचंड कोरीव पट समोर येतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हे काम शिल्पकार पाउ कोस्ता याच्या नावाशी जोडलेले असून कातालोन्यातील बरोक कलेच्या उत्तम नमुन्यांत त्याची गणना होते. चर्चमधील ऑर्गन सतराव्या शतकाच्या अखेरीचा आहे. उन्हाळ्यात येथे संगीताच्या मैफली होतात.

चर्चकडे चढणाऱ्या गल्ल्यांची फरसबंदीही पाहण्याजोगी आहे. समुद्राने घासलेले चपटे काळे दगड आडवे न अंथरता कडेवर उभे बसवलेले आहेत. पावसाचे पाणी वाहून नेण्यास आणि चढावर पाय घट्ट रोवण्यास ही रचना सोयीची आहे. उंच टाचांच्या पादत्राणांना मात्र ती मुळीच दाद देत नाही. भिंतींवरून ओघळणाऱ्या बोगनवेलींमुळे या गल्ल्यांत छायाचित्रे काढणाऱ्यांची सदैव गर्दी असते. सकाळी आठच्या आत गेल्यास त्या खऱ्या अर्थाने पाहता येतात.

पुळणी

कादाकेसच्या पुळणी लहान, अरुंद आणि बहुतांशी खडी व गोट्यांच्या आहेत. आसपासचा खडक शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांनी फुटणारा काळसर रूपांतरित खडक, असल्याने गोटेही चपटे व करडे असतात. रबरी तळाची पाण्यात चालणारी पादत्राणे येथे चैन नसून गरज आहे. या खडीचा एक फायदाही आहे. पाण्यात गाळ उठत नाही आणि तळ स्पष्ट दिसतो.

गावाच्या मध्यभागी प्लाजा ग्रान, म्हणजे 'मोठी पुळण', आहे. ती मोठी केवळ शेजारणींच्या तुलनेत. तिच्या मागे वाहनांचा चौक, उपाहारगृहे आणि काठी टेकून उभा असलेला दालीचा पुतळा आहे. पोहण्यापेक्षा बसून उपसागर न्याहाळण्यासाठी ती बरी. तिच्या पूर्वेस एस पोआल, एस प्यांक, रोस या पुळणी ओळीने येतात. येथे अजून मासेमारांच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि येथून चर्चसह सबंध गाव पाण्यात प्रतिबिंबित झालेले दिसते. बहुतेक प्रसिद्ध चित्रे आणि छायाचित्रे याच बाजूने घेतलेली आहेत.

पश्चिमेच्या बाजूने चालत गेल्यास निळ्या घराची पोर्तदोगे पुळण, मग एस ल्यानेची मोठी आणि धाकटी पुळण लागते. दालीच्या वडिलांचे उन्हाळी घर एस ल्यानेच्या काठी होते. धाकट्या पुळणीच्या टोकाला एक छोटा दगडी पूल एस सोर्तेल नावाच्या बेटवजा खडकावर नेतो. पिचोत या कलावंत कुटुंबाचे घर या भागात होते आणि कादाकेसला आधुनिक कलेच्या नकाशावर आणण्याचे पहिले श्रेय त्या कुटुंबाकडे जाते. कुटुंबासह पोहायला गावात हीच बाजू सर्वांत चांगली. पुढे सा कोंका आणि मग पायवाटेने १८६४ सालच्या काला नान्स दीपगृहापर्यंत जाता येते. ही वाट उन्हाची आहे आणि वाटेत पाणी मिळत नाही. उपसागराच्या तोंडाशी पाण्यातून वर आलेला एस कुकुरुकुक हा शंकूसारखा खडक येथून जवळ दिसतो.

किनाऱ्यालगतच्या अशा पायवाटांना 'कामी दे रोंदा', म्हणजे गस्तीची वाट, म्हणतात. चोरट्या व्यापारावर नजर ठेवणारे पहारेकरी या वाटांनी फिरत असत.

गावाबाहेर काप दे क्रेउसच्या दिशेने गियोला, जुगादोरा, कुलीप अशा अनेक काला आहेत. त्यांपैकी काहींपर्यंत रस्त्यापासून चालत उतरावे लागते, तर काहींना होडीनेच जाणे सोयीचे. सावली, दुकान, जीवरक्षक यांपैकी तेथे काहीही नाही आणि असू नये, असा उद्यानाचा दंडक आहे. काला कुलीपचे पाणी जितके निवांत दिसते, तितका तिचा इतिहास नाही. प्राचीन काळी वाऱ्यापासून आश्रय शोधणारी अनेक जहाजे तेथे बुडाली. त्यांतील 'कुलीप ४' या पहिल्या शतकातील रोमन जहाजाचे १९८० च्या दशकात पद्धतशीर उत्खनन झाले. दक्षिण स्पेनमधील ऑलिव्ह तेलाच्या कुंभांसह दक्षिण फ्रान्सच्या भट्ट्यांत भाजलेली तांबडी, चकचकीत भांडी त्यात हजारोंनी सापडली.

वाळलेले गवत

काही पुळणींवर, विशेषतः हिवाळ्यानंतर, तपकिरी फितींसारख्या पानांचे जाड थर साचलेले दिसतात. नवखे प्रवासी त्याला कचरा किंवा सडलेले शेवाळ समजून तक्रार करतात. वस्तुतः ती पोसिडोनिया या फुले येणाऱ्या सागरी वनस्पतीची गळलेली पाने आहेत. ही वनस्पती केवळ भूमध्य समुद्रात आढळते. तिची पाण्याखालची कुरणे माशांच्या पिलांना आसरा देतात, पाणी स्वच्छ ठेवतात आणि लाटांचा जोर मोडतात. काठावर साचलेले थर वादळात वाळू-खडी वाहून जाऊ देत नाहीत. पुळण 'स्वच्छ' करण्यासाठी यंत्राने हे थर उचलले, की काही हंगामांत पुळणच झिजू लागते, हा अनुभव भूमध्य समुद्राच्या अनेक किनाऱ्यांनी घेतला आहे.

ही वनस्पती अतिशय सावकाश वाढते. पोर्तलिगातच्या उपसागरात तिच्या मुळांचा व खोडांचा काही मीटर जाडीचा थर साठला असून त्यात हजारो वर्षांचा पर्यावरणीय इतिहास जतन झाला आहे. शास्त्रज्ञांनी त्यातून नळकांड्याने नमुने काढून प्राचीन काळातील धातूंच्या प्रदूषणाचाही माग घेतला आहे. क्रीडानौकेचा एक नांगर ओढला गेला, तर त्या जागी कुरण पुन्हा येण्यास माणसाचे आयुष्य अपुरे पडावे. म्हणून नांगर टाकण्याऐवजी ठरावीक बोयांना नौका बांधण्याचा नियम उद्यानाच्या अनेक भागांत आहे.

पोर्तलिगात आणि दाली

गावापासून पायी वीस मिनिटांच्या अंतरावर, टेकडीपलीकडे पोर्तलिगातचा उपसागर आहे. वाटेत सान्त बाल्दिरी येथील पांढऱ्या भिंतींचे गावाचे स्मशान लागते. समोरच्या बेटामुळे हा उपसागर जवळजवळ बंदिस्त झाला आहे आणि पाणी सरोवरासारखे स्थिर असते. पोहायला ही जागा फारशी योग्य नाही. होड्यांची वर्दळ असते आणि तळ गवताळ आहे.

साल्वादोर दाली याचा जन्म १९०४ साली फिगेरेसमध्ये झाला, पण बालपणीच्या सुट्ट्या कादाकेसमध्ये गेल्या. १९२५ आणि १९२७ साली कवी फेदेरिको गार्सिया लोर्का त्याच्याकडे येऊन राहिला. पहिल्या भेटीत त्याने आपले 'मारियाना पिनेदा' हे नाटक येथे वाचून दाखवले. १९२९ च्या उन्हाळ्यात कवी पॉल एल्युआर आणि त्याची पत्नी गाला कादाकेसला आले. एल्युआर परतला, गाला दालीबरोबर राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस वडिलांनी दालीला घराबाहेर काढले. गावात थारा न उरल्यावर १९३० साली त्याने पोर्तलिगातमध्ये मासेमाराची एक झोपडी विकत घेतली. यादवी युद्ध व अमेरिकेतील वास्तव्य यांची वर्षे वगळता पुढील सुमारे चाळीस वर्षे तो शेजारच्या झोपड्या एकेक करून त्या घराला जोडत गेला. त्यामुळे घरात सरळ मार्ग असा नाहीच. अरुंद बोळ, अचानक येणाऱ्या पायऱ्या, वळणे आणि प्रत्येक खोलीतून दिसणारा तोच उपसागर अशी त्याची घडण आहे. दारात भुसा भरलेले अस्वल उभे आहे आणि छपरावर पांढरी अंडी आहेत. १९८२ साली गालाच्या मृत्यूनंतर दालीने हे घर सोडले. १९९७ पासून ते संग्रहालय म्हणून खुले आहे. जागेअभावी एका वेळी थोड्याच लोकांना आत सोडतात. आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश मिळत नाही.

दालीची स्वप्नचित्रे केवळ कल्पनेतून निघाली, असा समज असलेल्यांनी येथील किनारा अवश्य पाहावा. १९३१ सालच्या 'स्मृतीचे सातत्य' या वितळत्या घड्याळांच्या चित्रात मागे दिसणारे पिवळसर कडे काप दे क्रेउसचे आहेत. माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयातील १९२९ च्या त्याच्या प्रसिद्ध चित्रातला, नाक जमिनीला टेकलेला चेहरा कुलीपजवळच्या एका प्रत्यक्ष खडकाच्या आकारावर बेतलेला आहे. ग्लासगो येथील १९५१ च्या ख्रिस्ताच्या चित्रात क्रुसाच्या खाली जे पाणी आणि होड्या आहेत, ते पोर्तलिगातच होय.

अन्य कलावंत

पाब्लो पिकासोने १९१० चा उन्हाळा पिचोत कुटुंबाच्या ओळखीने कादाकेसमध्ये घालवला. घनवादाच्या वाटचालीत हा मुक्काम महत्त्वाचा मानला जातो. वस्तूंचे आकार येथे इतके विघटित झाले, की चित्र ओळखू येणे कठीण व्हावे. पॅरिसमधील 'गिटारवादक' आणि प्राग येथील कादाकेस बंदराचे चित्र ही त्या काळातील आहेत. मार्सेल द्युशाँ १९३३ साली प्रथम आला आणि १९५८ पासून १९६८ मधील मृत्यूपर्यंत दर उन्हाळ्यात येत राहिला. मेलितोन या उपाहारगृहात तो बुद्धिबळ खेळत बसे. भाड्याच्या घरातील न्हाणीच्या मोरीला बसवण्यासाठी त्याने १९६४ साली शिशाचे एक बूच केले. पुढे त्याच्या प्रती धातूत ओतून कलाकृती म्हणून विकल्या गेल्या.

काप दे क्रेउस

गावापासून सुमारे सात किलोमीटरांवर, अरुंद रस्त्याच्या शेवटी १८५३ सालचे दीपगृह आहे. स्पेनच्या मुख्य भूमीवर सूर्योदय सर्वप्रथम येथे दिसतो. पिरेनीजच्या पूर्ण लांबीने अटलांटिकपर्यंत जाणारी 'जीआर ११' ही दूर पल्ल्याची पायवाट येथे संपते किंवा सुरू होते. लुई बुन्युएलच्या १९३० सालच्या 'सुवर्णयुग' या चित्रपटातील काही दृश्ये या खडकांत चित्रित झाली.

१९९८ साली या भागाला नैसर्गिक उद्यानाचा दर्जा मिळाला. जमीन आणि समुद्र या दोहोंना एकत्र संरक्षण देणारे कातालोन्यातील हे पहिले उद्यान होय. काळ्या शिस्टमध्ये फिकट पेग्मटाइटच्या जाड शिरा घुसलेल्या आहेत. वारा आणि खारे तुषार यांनी त्या पोखरून त्यांत मधमाशांच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत. त्यातून उंट, गरुड असे आकार निर्माण झाले असून मासेमारांनी त्यांना नावे दिली आहेत. पाहण्याची जागा बदलली, की आकारही बदलतो.

पाण्याखालच्या कपारींत तांबडे प्रवाळ, म्हणजेच आपले पोवळे, वाढते. भूमध्य समुद्रातील पोवळ्याला भारतात शतकानुशतके मागणी होती. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नोचे व्यापारी लिस्बनमार्गे ते गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे घेत. काप दे क्रेउसच्या किनाऱ्यावरही पोवळे काढणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. अतिरेकी तोडणीमुळे आता जाड फांद्यांच्या वसाहती दुर्मीळ झाल्या आहेत.

तुदेला: उतरवलेले विश्रामग्राम

दीपगृहाच्या अलीकडे, कुलीप आणि तुदेला यांदरम्यान १९६२ साली क्लब मेडिटेरेनियन या फ्रेंच कंपनीने विश्रामग्राम सुरू केले. वास्तुरचनाकार पेलाय मार्तिनेस याने पांढऱ्या ठेंगण्या खोल्या खडकांमध्ये बेताने बसवल्या होत्या. त्या काळच्या बांधकामांच्या तुलनेत तो प्रकल्प संयमी होता, हे मान्य करावे लागेल. सुमारे नऊशे पाहुण्यांची सोय तेथे होती. तरीही सांडपाणी, डांबरी रस्ते आणि बागेसाठी आणलेल्या परदेशी वनस्पती यांचा भार खडकाळ, पातळ मातीच्या भूमीवर पडलाच. दक्षिण आफ्रिकेतून आलेली कार्पोब्रोटस ही मांसल पानांची वेल शोभेसाठी लावली होती. तिने स्थानिक झुडपांना गुदमरवून टाकले.

२००३ च्या उन्हाळ्यानंतर विश्रामग्राम बंद झाले आणि दोन वर्षांनी स्पेन सरकारने जागा विकत घेतली. त्यानंतर भू-दृश्यकार मार्ती फ्रांक याच्या चमूने आखलेल्या योजनेनुसार, २०१० पर्यंत चारशेहून अधिक बांधकामे पाडण्यात आली. काम सुरुंग लावून उरकले नाही. काँक्रीट, लोखंड, विटा यांची वर्गवारी करून ते पुनर्वापरासाठी नेले. कार्पोब्रोटस हाताने उपटली. पावसाच्या पाण्याचे बुजलेले मार्ग मोकळे केले, म्हणजे माती आणि बी पुन्हा आपल्या वाटेने वाहू लागावेत. रस्ते अरुंद करून पायवाटा केल्या आणि खडकांतील प्राण्यांचे आकार दाखवणाऱ्या गंजरंगी पोलादाच्या खुणा बसवल्या. या कामाला २०१२ साली रोझा बार्बा हा युरोपीय भू-दृश्य पुरस्कार मिळाला.

येथे नोकरी करणाऱ्या स्थानिकांचा रोजगार गेला, ही या कथेची दुसरी बाजू आहे. शिवाय तो वास्तुरचनेचा चांगला नमुना होता आणि काही भाग तरी राखायला हवा होता, असे मत आजही मांडले जाते. पाहणाऱ्याने तुदेलाची वाट स्वतः चालावी. पाऊण तासाच्या फेरीत जुन्या वस्तीच्या जागा ओळखणे आता अवघड जाते.

खाद्यपदार्थ

खारवलेला अँचोव्ही हा या किनाऱ्याचा मानबिंदू आहे. हा मासा आपल्या मांदेलीच्या कुळातला. डोकी काढून तो मिठाच्या थरांत महिनोन्‌महिने मुरवतात, मग धुऊन ऑलिव्ह तेलात घालून पावाबरोबर खातात. मासेमार होडीवर उरलेसुरले मासे शिजवत, त्यातून 'सुकेत' हा बटाटा घातलेला रस्सा तयार झाला. हिवाळ्यात काटेरी सागरी अर्चिन फोडून त्यातील नारिंगी गर कच्चाच खाल्ला जातो. 'ताप', म्हणजे बूच, नावाचा बाटलीच्या बुचाच्या आकाराचा मऊ केक गावातील बेकऱ्यांत मिळतो.

प्रवास

फिगेरेसपर्यंत रेल्वे असून तेथून, तसेच बार्सेलोनाहून, बसगाड्या आहेत. डोंगर उतरताना गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसावे. जुन्या गावात मोटारींना जागा नाही. त्या प्रवेशाजवळच्या वाहनतळावर ठेवाव्या लागतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये सकाळीच तो भरतो. काप दे क्रेउसच्या रस्त्यावरही गर्दीच्या दिवसांत निर्बंध घातले जातात. अशा वेळी पायवाट किंवा होडी हे पर्याय उरतात. २०२१ ते २०२४ या काळात कातालोन्याने तीव्र अवर्षण अनुभवले आणि पुळणींवरील गोड्या पाण्याचे फवारे अनेक ठिकाणी बंद ठेवावे लागले. सप्टेंबरमध्ये समुद्राचे पाणी अजून उबदार असते, गर्दी ओसरलेली असते आणि एस प्यांकच्या काठी होड्यांपुढे बसायला जागा मिळते.